सहा मिनिटं

कॉरिडॉर तीस मीटरचा.
टेप मीच धरला होता, एक्स-रेच्या दारापासून
पाण्याच्या कूलरपर्यंत.
दोन्ही टोकांना केशरी शंकू,
मधे प्लास्टिकची खुर्ची,
जिच्यावर बसायची सगळ्यांना लाज वाटते.

रोज तेच सांगते :
पळायचं नाही. बोलायचं नाही.
दम लागला तर भिंतीला टेका,
पण घड्याळ थांबणार नाही.

अंबादास गाजूल, वय एकाहत्तर.
दोन्ही कान यंत्रमागाला देऊन बसलेले,
म्हणून हे शेवटचं वाक्य मला ओरडून सांगावं लागलं,
आणि बाकांवरच्या सगळ्यांनी माना वर केल्या.
चप्पल राहू द्या म्हटलं, तरी काढली त्यांनी,
शंकूशेजारी जोडीने ठेवली, देवळाबाहेर ठेवतात तशी.
मग निघाले. कोपरं अंगाशी,
दोन मागांच्या मधल्या बोळातून चालावं तसे,
ना सावकाश, ना घाईत.
तीनशे चौऱ्याऐंशी मीटर, तेही ओरडूनच सांगितले.
"चादरी किती झाल्या?"
सव्वादोन मीटरची एक, मी मनात भागाकार केला.
एकशे सत्तर.
"वाईट नाही," म्हणाले,
"एक माग बंद होता म्हणायचं."

शरणप्पा हत्तुरे, बेचाळीस, रिक्षा अक्कलकोट नाक्याची.
त्यांना चालायचं नव्हतं, जिंकायचं होतं.
चौथ्या मिनिटाला ओठ जांभळे.
मी हात आडवा धरला.
"चाललालो की मी! सोड!"
खुर्चीत बसल्यावर बराच वेळ नुसतं छातीचं वर-खाली,
मग खालच्या आवाजात,
"तीनशे चौऱ्याऐंशीला किती राहिले?"

कागदावर एक सूत्र आहे.
उंची, वजन, वय घातलं
की माणसाने किती चालायला हवं ते निघतं.
प्रत्येक वर्षामागे काही मीटर माफ.
म्हातारपणाला सूट आहे त्यात.
चोवीस वर्षांच्या शिरीन बागवानला
ते सहाशेच्या वर मागतं.

बाळंतपणाला सात आठवडे. हृदय तेव्हापासून थकलेलं.
बाळ आईच्या मांडीवर, कूलरच्या टोकाला.
पहिली फेरी ती अशी गेली
जशी कालपर्यंत जिना चढायची.
दुसऱ्या फेरीत खांदा भिंतीला,
तिसऱ्यात कपाळ.
एप्रिलची दुपार, भिंतसुद्धा गरम.
मी म्हटलं, छान चाललंय, दोन मिनिटं राहिली.
असं म्हणायची परवानगी आहे मला.

तेवढ्यात बाळ रडलं.

ती बोलली नाही. नियम पाळला.
भिंत सोडली आणि गेली,
सरळ, शंकू ओलांडून,
मीटर संपतात त्याच्यापुढे.
मी घड्याळ बंद केलं.
एकशे शहाऐंशी लिहिलं, खोडलं,
शेऱ्यात लिहिलं : चाचणी अपूर्ण. कारण, बाळ.
डॉक्टर विचारतील, हे काय.

पाच वाजता शंकू उचलायला गेले
तर चपला तिथेच.
शिरीन त्यांना वळसा घालून गेली होती,
हत्तुरेही, रागात असूनसुद्धा.

गेटकडून अंबादास येताना दिसले, अनवाणी,
तापल्या फरशीवरून टाचा उचलत.
मधे एकदा थांबले, खुर्चीकडे पाहिलं,
बसले नाहीत.
चपला पायात सरकवून म्हणाले,
"हे किती झाले?"
मी नकारार्थी मान हलवली : हे धरत नाही आम्ही.
कान गेलेला माणूस, पण ते समजलं.
"धर की," म्हणाले.