अन

पीटरहेडच्या वाचनालयाचं तळघर, गुरुवार, संध्याकाळचे सात.
खिडकीतून फक्त जाणाऱ्यांचे बूट दिसतात
आणि त्यांना चिकटलेला बर्फाचा चिखल.
इशबेल स्ट्रॅकन फळ्यावर दोनच अक्षरं काढते,
यू आणि एन. उच्चार, अन.
"हे शब्दाच्या पुढ्यात बसवायचं,
की शब्द उलटा चालू लागतो.
पाठ एक करायचा, खिशात दोन."
बंदराच्या कचेरीत चाळीस वर्षं माशांच्या पेट्या मोजल्यात तिनं,
तिला व्याकरणही घाऊक भावातच सुचतं.

याला उपसर्ग म्हणतात.
माझ्या भाषेत जडलेल्या त्रासालाही उपसर्गच म्हणतात,
पण मी इथे चहा द्यायला असते, बोलत नाही.

वितेनिस सांगतो, अनलोड.
दिवसभर फोर्कलिफ्टवर तो तेच करतो,
शब्द त्याच्या तळव्याला आधीच घट्टे पाडून गेलाय.
निदाल अलेप्पोत न्हावी होता, इथे बांगड्यांची डोकी उडवतो.
तो म्हणतो, अनपेड.
"स्पेलिंग येतं?"
"तीन आठवड्यांचं येतं."
लेतेब्रहान शाळा झाडते. वही उघडतच नाही,
एकेचाळीस किल्ल्यांचा जुडगा टेबलावर ठेवते, खण्ण.
अनलॉक.

मग फिल्मोन, वय सतरा, मिसरूड कालपरवाचं.
"अंकल."

हशा. वितेनिस बाक बडवतो.
"अरे, तो अन वेगळा," इशबेल म्हणते,
"तो चिकटूनच जन्मलाय.
पुसून बघ, मागे काय उरतं ते."
फिल्मोन उठतो. शब्द पूर्ण लिहितो,
मग बाहीनंच पहिली दोन अक्षरं पुसतो.
सी, एल, ई.
बराच वेळ बघतो.
"काहीच नाही उरत.
माझा अंकल त्रिपोलीपर्यंत होता."

कप भरून चहा बशीत आला तेव्हा
मला कळलं की मी ओततेच आहे.

लेतेब्रहाननं किल्ल्या मांडीवर ओढल्या.
"गो-ला लावता येतं? अनगो.
म्हणजे माणूस गेला,
अन ते जाणं मग सोडवून घेतलं,
बुटाच्या नाडीसारखं."
इशबेलनं जाडजूड शब्दकोश उघडला,
बोट वरून खाली, पुन्हा वर.
"नाही. असा शब्द नाही."
"का नाही?"
"गाठ सुटते. कुलूप निघतं. ट्रक रिकामा होतो.
जे उलटं करता येतं, त्यालाच..."
वाक्य तिथेच राहिलं.
वर कुणाचे तरी रबरी बूट थांबले, पुढे गेले.

पुस्तकात रेघ ओढली तर दीड पौंड दंड,
दारावर पाटी आहे, अक्षर तिचंच.
तिनं पेन्सिल काढली
अन समासात, बारीक, लिहिलं.
काय, ते मी चहाच्या टेबलावरून वाचू शकले नाही.

"तुझ्याकडे काय म्हणतात?" अचानक मला.
मी सांगितलं, आहे की, आमच्यातही अन आहे.
अनवाणी. अनोळखी.
सगळ्यांनी म्हणून पाहिलं,
निदालच्या तोंडी अनवाणी एखाद्या गावाचं नाव वाटलं.
आणि एक अन् आहे, पाय मोडलेला,
तो काही उलटवत नाही,
दोघांच्या मध्ये नुसता उभा राहतो.
लेतेब्रहान अन् फिल्मोन.
"म्हणजे अँड?"
"अँडच. पण घाईतला."

फिल्मोननं वहीत काहीतरी टिपलं, त्याच्याच लिपीत.
साडेआठची बस होती, खुर्च्या सरकल्या.
पुढच्या गुरुवारी 'री' आहे.
निदाल जिन्यावरूनच विचारतो,
रिफंड चालेल का?