शब्द चुकला : एक

वाढोण्याच्या जुन्या जिनिंगात, जिथं आता
फक्त आमचं चित्रमंडळ आणि घुबडं येतात,
महिन्याच्या तिसऱ्या शनिवारी
मी माइक धरून उभा राहतो.
पडदा म्हणजे उलटा बांधलेला फ्लेक्स.
सीन उजळ असला की मागचा कुणाचा तरी वाढदिवस
नायकाच्या कपाळावर आरपार उमटतो.
प्रोजेक्टरच्या झोतात अजून रुई तरंगते;
गठाणी बंद होऊन नऊ वर्षं झाली,
कुठून येते कोण जाणे.

आज विनोदी पिक्चर. एका टेक्नॉलॉजी कंपनीचा.
काचेची इमारत, आत पोरांसारखी घसरगुंडी,
स्लिपर घालून फिरणारा मालक.
भाषा इंग्रजी, म्हणून मी.
पस्तीस वर्षं आश्रमशाळेत इंग्रजी शिकवलं,
त्यातली तीस 'मे आय गो आउट'वरच गेली,
उरलेली आता कामी येतात.

मालक म्हणाला, सगळा डेटा क्लाउडमध्ये आहे.
मी सांगितलं, सारा हिशेब ढगात हाय.
मागून बाप्पू तितरमारे ओरडला,
"कोनत्या ढग्याच्या घरी? गावात तीन हायेत ना बे!"
पुढचे चार संवाद हशात वाहून गेले.
मी ते गाळले, कुणाचं काही अडलं नाही.

मालक म्हणाला, आपण कंपनी नाही, कुटुंब आहोत.
हे जसंच्या तसं सांगितलं.
धुऱ्यावरून सात वर्षं कोर्टात असलेले
दोघं गोहत्रे भाऊ, सतरंजीच्या दोन टोकांना,
एकदमच हसले,
आणि मग एकदमच गप्प झाले.

कंपनीनं बनवला होता माफी मागणारा फ्रीज.
दूध नासलं की म्हणायचा, सॉरी.
पर्वताबाई म्हणाली, "लाइनमनले देऊन टाका एक."

मग तो दरवाजा आला.
एक पोरगा कार्ड लावतो. लाल दिवा.
शर्टाला पुसून पुन्हा लावतो. लाल.
आतून एक बाई खोका घेऊन येते,
खोक्यात त्याचा मग, त्याचं निवडुंग,
आणि हसून एक वाक्य बोलते.
माझ्याकडं अर्धा क्षण होता.
"कंपनीनं तुले मोकळं केलं," मी म्हणालो.

"बरं झालं, सुटला बिचारा," कुणीतरी म्हणालं.
आणि मग एकच हसू ऐकू आलं,
डाव्या खांबाजवळून.
चक्कीवाल्या सुदाम ढगेची निकिता.
पाच आठवडे झाले पुण्याहून येऊन,
विचारेल त्याला सांगते, घरूनच काम आहे, काका,
आणि लॅपटॉप उघडून ओट्यावर बसते.
हसू लांबलं. संवाद संपला, सीन बदलला,
तरी ते चालूच.
सुदाम संध्याकाळभर सगळ्यांत मोठ्यानं हसत होता,
भुवयांवर पीठ तसंच.
आता तो पडद्याकडं बघत नव्हता.

फ्रीज शेवटी सगळ्यांची माफी मागतो. टाळ्या.

सतरंज्या झटकून झाल्यावर ती वायर गुंडाळायला आली.
"सर, एक शब्द चुकला. 'मोकळं' नाही."
मग?
हात आणि कोपराभोवती वायरचे वेढे पडत गेले.
"'कमी केलं' म्हणतात."
थोडं थांबून म्हणाली, "मजा आली पण."

वहीत लिहिलं: हजर त्रेचाळीस.
वर्गणी चारशे दहा, दोघांची बाकी.
शब्द चुकला, एक.
पुढच्या वेळी माइक निकिताला द्यावा,
हे लिहिलं, खोडलं,
मग खोडलेल्याच्या वर पुन्हा लिहिलं.

बाहेर सुदामची गाडी दोन किकांत सुरू झाली नाही.
तो हँडल धरून उभा. काही विचारलं नाही.
"बस," म्हणाला, "भाकर थंडी होऊन राह्यली."