चौदा हप्ते

आक्रा. सर्कलच्या पुलाखाली माझं दुकान:
एक टेबल, एक छत्री, एक भिंग.
कोरकोर आली, भाकरीसारखा
फडक्यात गुंडाळलेला टॅबलेट घेऊन.
हातांना आंबलेल्या मक्याचा वास.
"तेत्तेनं पाठवलाय, ओहायोहून.
इथलं सिम घातलं की तोंड फिरवतो."

पिन टोचली, ट्रे काढला, तिचं सिम बसवलं.
पडद्यावर तेच: हे सिम चालणार नाही.

म्हटलं, यंत्र धडधाकट आहे,
इथल्या टॉवरचं बोलणंही त्याला समजेल,
पण ज्या कंपनीनं विकलं
तिनं सोडल्याशिवाय
ते दुसऱ्या कुणाचा नमस्कार घेणार नाही.

"मग सोडवून घे की."

मागचा लांबलचक नंबर पाठवला.
केंकीची टोपली उन्हात ठेवून ती बसून राहिली.
तासाभरानं उत्तर:
चौदा हप्ते बाकी. शेवटचा भरला मार्चात.

आता ऑक्टोबर.
तिनं मला ते दोनदा वाचायला लावलं.
दर रविवारी हसतो म्हणे तो फोनवर,
नोकरी बरी, खोली ऊबदार,
थंडी कसली, सवय झाली.

बोटांवर काहीतरी मोजलं तिनं,
एका हप्त्याला केंकी किती, बहुधा;
बोटं पुरली नाहीत.
मग माझाच फोन मागितला.
"तेत्ते? हो, छान चालतोय रे.
अगदी छान.
तू जेवलास का?"

टॅबलेट फडक्यात बांधून गेली.
सिम टेबलावरच राहिलं.