पाचपैकी तीन

सेलूच्या मोंढ्यात मी मापाडी.
बावीस वर्षं काटा बघतोय.
सोयाबीनला ओल किती, तुरीत खडा किती,
कट्ट्याचं वजन जाता माल किती,
हे मला कुणी शिकवायचं राहिलं नाही.

तरी शाळेत, दुसरीच्या त्या ठेंगण्या बाकावर बसलो
अन् घुगे मॅडमनी चार पानं पुढ्यात सरकवली,
वर छापलेलं : वैयक्तिक शैक्षणिक आराखडा,
खाली पेनानं : यशोधरा गौतम धापसे,
तेव्हा मला ती पावतीच वाटली.
मी म्हणालो, कुठं सही करू?

मॅडम मंगळवारी अन् शुक्रवारी येतात, स्कूटीवर.
आणखी अकरा गावं त्यांच्याकडं.
हेल्मेटनं केस चपटे झालेले.
म्हणाल्या, वाचल्याबिगर नाही.

मग वाचायला लागलो, ओळीखाली बोट धरून.
सद्यःस्थिती, म्हणजे आज लेकरू कुठं आहे.
उद्दिष्ट, म्हणजे दिवाळीपर्यंत कुठं.
सेवा, म्हणजे कोण, किती वेळा, किती मिनिटं.
वाचा-उपचार, महिन्यातून दोनदा, परभणीला.
जायच्या-यायच्या भाड्याचं काय, विचारलं.
अर्ज करावा लागतो, म्हणाल्या. आपण करू.

"घंटेआधी एक मिनिट यशोधराला सांगावे."
इथं बोट थांबलं.
दीड वर्ष घंटा झाली की पोरगी कानावर हात घेऊन बाकाखाली,
अन् दीड वर्ष आम्ही म्हणत होतो, हट्टी आहे.
मी एकदा मारलंही.
एक मिनिट.
एवढंच लागत होतं.

जिल्ह्याच्या दवाखान्यातून कार्ड आलं होतं,
त्यावर साठ टक्के.
त्या रात्री मी शंभरातून साठ वजा केले होते,
मापाड्याची खोड.
ह्या पानांवर टक्का एकदाच होता, कोपऱ्यात.

पुढं :
"पाचपैकी तीन वेळा स्वतःहून पाणी मागेल."
आमच्यात असलं माप चालत नाही.
पाच क्विंटलाचे तीन भरले तर गचांडी धरतील लोक.
म्हणालो, उरलेल्या दोन वेळा?
मॅडम हसल्या नाहीत.
तुम्ही तरी दरवेळी मागता का, दादा?

बलस्थाने, हा रकाना कोरा.
मुद्दाम ठेवला होता.
मला काही सुचंना. बाहेर खिचडी शिजल्याचा वास यायला.
मग म्हणालो, चपलेच्या आवाजावरून ओळखती कोण आलंय ते.
रिकामं बारदान घडी घालती,
शिवणीला शिवण लावून, माझ्याहून नीट.
शेळीला तिच्याच हातचं लागतं.
मी सांगत गेलो, त्या लिहीत गेल्या,
रकाना संपला तर पान उलटून मागं लिहिलं.

शेवटी जबाबदार व्यक्ती.
वर्गशिक्षक, विशेष शिक्षक, मुख्याध्यापक,
अन् चौथं नाव माझं.
रोज संध्याकाळी, पंधरा मिनिटं.
सही केली. मोंढ्यात करतो तसली नाही,
अख्खं नाव काढून.

परवा घरी आलो.
तिला तहान लागली होती, ओठ सुकलेले दिसत होते.
मागितलं नाही.
माठाकडं गेली, तांब्या बुडवला, अर्धा सांडला,
अन् उरलेला
आणून धरला माझ्यापुढं.

पाणी पिलो. कागद काढला, पेन काढलं.
कुठल्या रकान्यात लिहू हे, मॅडम?
शुक्रवार अजून दोन दिवसांवर आहे.