घेर

एकतीस वर्षं माझ्या खिशात टेप आहे.
कापडी. नव्वद ते एकशेवीसचे आकडे पुसलेले,
बोट तिथेच जास्त थांबायचं.
आलापल्लीचा साग लकडगंजात उतरायचा तेव्हा
साखळी सुटली की जमीन दोनदा हलायची,
आणि सुखरू उईके खोडाला कवेत घेऊन ओरडायचा,
"पुरत नाही बे हात, लिहा!"
मी लिहायचो.

पंचेचाळीसच्या आतलं सगळं एकाच रकान्यात: जळाऊ.
वाकडं, गाठाळ, विरळणीत काढलेलं
पोरवयाचं लाकूड.
त्याला घेर कोणी विचारत नव्हतं.

आता तेच येतं.
मावजीभाई गेले त्या साली डेपोच्या लिलावात
एकही जाड लॉट आपल्या हाती लागला नाही.
नातीनं, हेतलनं, बँकेत तीन खेपा घातल्या,
आणि एका रात्री ट्रेलरवरून मशीन आली,
जुळ्या पात्यांची, लाल उजेडाची रेघ मारणारी.

यादोराव आला बघायला.
बावीस वर्षं त्यानं जुन्या पट्ट्याला कानस लावली,
दात न् दात ओळखीचा.
"याला धार कोण लावते?"
"लावत नाहीत काका. बदलतात."
त्यानं पात्यावरून अंगठा फिरवला,
चहा अर्धा ठेवला, गेला.

मांडीएवढे ओंडके आत जातात,
चार फळ्या होऊन पडतात. आखूड,
प्रत्येकीत दोन तरी गाठी.
गाठ छाटायची, टोकांना दाते पाडायचे,
बोटांत बोटं घालावी तसे तुकडे एकमेकांत बसवायचे.
सुखरूनं असा आठ फुटी जोड उन्हात धरला,
सांधा शोधला, सापडला,
पाय देऊन पाहिला. मोडला नाही.
"अकरा झाडं हायेत यात," म्हणाला.
मी मोजली नाहीत.

आणि उरलं ते
साल, छिलपं, फांद्या, भुसा, सगळं चिपरच्या तोंडात.
ड्रायरमधून निघून बोटाएवढ्या कांड्या होतात,
बुटीबोरीच्या बॉयलरला जातात, टनाच्या भावानं.
हेतल म्हणते, "वेस्ट हा रकानाच काढा वहीतून."
मी काढला. पट्टीनं, सरळ.

फक्त पार्बताबाई राहिली.
दर सोमवारी गोणपाट घेऊन मागच्या फाटकाशी,
भुशाच्या शेगडीसाठी.
मावजीभाईंच्या वेळी ती विचारतही नसे.
पहिल्या सोमवारी ती काट्याकडे बघत उभी राहिली,
जणू तिलाच त्यावर चढायला सांगितलंय.
"आता विकत झाला काय हो भुसा?"
मशीन चालू होती, मला ऐकू आलं नाही असं केलं,
आणि गोणी भरून दिली.

संध्याकाळी वही जुळेना.
टेपनं मोजायचो तेव्हा हात सैल सोडता यायचा,
काटा मात्र किलोला किलो मागतो.
शेवटी लिहिलं:
*घट, वाळल्यामुळे, अकरा किलो.*
लाकूड वाळतंच. खोटं काही नाही.

मे महिना. बेचाळीस ऊन झालं, पंचेचाळीस झालं.
हेतल एका शनिवारी वही घेऊन बसली,
दर सोमवारच्या नोंदीवर पेन्सिल टेकवत खाली आली.
"काका, आपला माल फक्त सोमवारीच वाळतो?"
मी खिशातली टेप चाचपली.
बाहेर ड्रायर घरघरत होता.

तिनं सही केली,
पान उलटलं,
आणि वर न बघता म्हणाली,
"पावसाळ्यात काय लिहाल, त्याचा विचार करून ठेवा."