शीऽऽन

क्योतोत कुरिबायाशी बाईंनी शिकवलं :
शांततेलाही आवाज असतो,
चौकटीत तो लिहायचा. शीऽऽन.
मला हसू आलं.
साखर पेठेतल्या पोरीला
कुठली आलीय शांतता?

सहा आठवड्यांची वही
नानांनी डावीकडून उघडली,
म्हणजे शेवटाकडून.
आधी मी सोलापूर स्टेशनात उतरले,
शेंगाचटणीचा रिकामा डबा घेऊन.
मग विमान. मग
शेवटच्या पानावर हलणारा त्यांचाच हात.
"म्हंजे परत जातीस की,"
मागांच्या खडखडाटावरून ओरडले.

तेवढ्यात लाईट गेली.
बारा माग एकदम गप्प,
नाना मात्र बोलतच राहिले
त्याच आवाजात.

रात्री चादरीच्या ग्राफवर,
अर्ध्या मोराशेजारी चौकट आखली.
नानांचं तोंड उघडं काढलं.
आणि कानाजवळ, बारीक पेननं :
शीऽऽन.