तीन दिवसांची रजा

अर्जात कारण लिहायचं होतं.
'घरगुती' लिहिलं, मग खोडलं,
'किल्ले पाहणे' लिहिलं.
डॉक्टरसाहेबांनी चष्म्यावरून पाहिलं
आणि सही केली.

सोबत माझी नणंद, पंचफुला.
गुडघ्यांनी मंद, तोंडानं तेज.
पिशवीत भाकरी, झुणका, पाण्याच्या दोन बाटल्या
आणि एक छत्री,
उन्हासाठी नाही, माकडांसाठी.

पहिला दिवस नरनाळ्याचा.
खाली नाक्यावर पावती फाडली, वर चढलो.
एक दरवाजा, मग दुसरा, मग वळणाआड आणखी एक.
पंचफुलानं मोजणं सोडलं.
"कितीक दारं लावले यायनं!
आपल्या घराले एकच, अन् थेही धड लागत नाही."
मोठ्या दरवाज्यावर दगडात उमललेली कमळं,
मला न वाचता येणारी अक्षरं,
रिकाम्या सज्ज्यात पाकोळ्यांची ये-जा.
माथ्यावर तोफ. तिच्यावर हात ठेवला
आणि पटकन उचलला तिनं.
"तापली हाय वं."
इतक्या वर्षांनी तापली,
नुसत्या उन्हानं.

दुसऱ्या दिवशी गाविलगड ठरला होता.
परतवाड्याच्या स्टँडवर गुडघा सुजला,
चिखलदऱ्याची एस्टी आमच्याकडे न बघता निघाली.
दिवस रसवंतीवाल्याच्या बाकावर गेला,
फडक्यात बांधलेला त्याचाच बर्फ वितळत.

उरला तिसरा.
मी म्हटलं, उद्या कामावर जाते.
"येडी हायेस का? आपल्या गावाले परकोट नाही?
थोच पाहू."

आमच्या गावाचा परकोट.
बावीस वर्षं मी त्याच्या आतून चालते आहे,
खांद्याला लसीचा निळा डबा, हातात खडू.
कुणाच्या घरात पाचाच्या आतलं कोण,
कोण बाळंत, कोण माहेरी, कोण दार उघडत नाही.
चौकटीवर 'पी' म्हणजे झालं,
'एक्स' म्हणजे परत यायचं.
वेशीतून किती वेळा आत-बाहेर केलं असेल,
मान वर केली नाही.

बाहेरून निघालो.
खंदकात बेशरमाचं रान, डुकरं,
तटाला थापलेल्या गोवऱ्या, प्रत्येकीवर पाच बोटं.
बुरुजाशी एक पोरगा आडवा आला,
"वर जायाचं का? दहा रुपये."
"तू नसीमचा अरमान ना?
पहिला डोस मीच पाजला तुला, थुंकला होतास."
त्यानं दहाचे पाच केले.

पायऱ्या अर्ध्या दगडाच्या, अर्ध्या अंदाजाच्या.
पंचफुला खालीच बसली, छत्री उघडून.
वर, आतल्या अंगाला,
चिऱ्यांवर कोरलेल्या बारीक खुणा.
एक मासा. दोन आडव्या रेघा.
त्रिशूळ, की कोंबडीचा पाय.
"खजिना हाय इथं," अरमान म्हणाला,
"सारे म्हणतात."
मी माशावरून बोट फिरवलं.
हा चिरा माझा, तो तुझा,
संध्याकाळी मजुरी मोजताना भांडण नको,
एवढंच असावं.
मासेवाल्याचे चिरे एका ओळीत सात होते.
आठव्यावर मासा अर्धाच, शेपटीविना.
का थांबला, कुणी हाक मारली,
कोण जाणे.

मग उभी राहिले, जिथं पहारेकरी उभा राहत असेल.
मागं सारं गाव, पत्रे, डिश, मशिदीचा हिरवा,
देवळाचा भगवा, वाळत घातलेलं काहीबाही.
समोर परकोटाबाहेर वीटभट्टी,
भट्टीपलीकडं निळ्या ताडपत्रीची पालं.
मागच्या फेरीत ती नव्हती.
माझ्या नकाशात तिथं पडीक लिहिलं आहे.
एका पालापुढं कुणी बाळाला
घमेल्यात बसवून अंघोळ घालत होतं,
त्याचं रडणं इथवर पोचत नव्हतं,
उघडं तोंड तेवढं दिसत होतं.

पर्समध्ये खडू सापडला, तुटका.
खालून पंचफुला ओरडली,
"काय दिसते वं?"
"काही नाही. थांब."
"रजेवर हायेस ना तू?"

पालं मोजली. आठ.
पुन्हा मोजली.
नऊ. एक बाभळीआड होतं.